तास चालू असताना कुणी आजारी पडले तर

१७ ऑगस्ट २०२४ रोजी सकाळी पैठण तालुक्यातील केकत जळगाव येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना पोषण आहारातील बिस्किटे वाटण्यात आली. थोड्याच वेळात मुलांना मळमळू लागले, उलट्या होऊ लागल्या. २५७ मुलांना त्रास झाला, त्यांपैकी १५३ जणांना रुग्णालयात नेण्यात आले आणि काहींना सलाइन लावावे लागले, अशी माहिती तेव्हा डॉक्टरांनी दिली होती.

अशा वेळी डॉक्टर भेटेपर्यंत शाळेने करायचे काय? प्रथम वाटप थांबवायचे. उरलेले अन्न फेकायचे नाही, झाकून बाजूला ठेवायचे. तपासणीसाठी ते हवे असते. मग मुलांकडे नीट पाहायचे. जो मोठ्याने रडतो तोच सर्वांत आजारी, असे समजू नका. रडायला अंगात ताकद लागते. जो कोपऱ्यात गप्प पडून आहे, हाक मारली तरी धड ओ देत नाही, ज्याचे डोळे खोल गेले आहेत, तो पहिल्या गाडीत बसला पाहिजे.

बाकीच्यांसाठी शाळेच्या औषधपेटीत एक स्वस्त पण मोलाची वस्तू असते, ती म्हणजे जलसंजीवनीची पुडी. उलट्या-जुलाबांत शरीरातील पाणी आणि क्षार निघून जातात. नुसते पाणी प्यायले तर क्षारांची तूट तशीच राहते. आपल्या आतड्याच्या अस्तरात एक गमतीदार व्यवस्था आहे. तेथील पेशी मिठातील सोडियम आणि साखरेतील ग्लुकोज यांना जोडीने आत घेतात, आणि त्यांच्यामागून पाणीही आत जाते. जुलाब होत असतानाही हे दार बहुधा उघडे राहते. म्हणून पुडीत मीठही असते आणि ग्लुकोजही. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे मिश्रण रुग्णांना पिण्यास दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

पुडी मात्र तिच्यावर लिहिलेल्या मापानेच कालवावी. २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात कालवली तर द्रावण फार खारट होते आणि अपाय करते. उलटी होत असेल तर दहा मिनिटे थांबून चमच्या-चमच्याने पाजावे.

छत्रपती संभाजीनगर शहरातील मोठ्या शाळांत आजारी मुलांसाठी वेगळी खोली असू शकते. खेड्यातल्या शाळेत बहुधा मुख्याध्यापकांच्या कपाटातली पेटी हाच काय तो दवाखाना. पण खोली असो की पेटी, शाळेत सर्वांत अधिक काळजी घ्यावी लागते ती गोळ्यांची. ‘बाई, डोके दुखते, एक गोळी द्या ना!’ असे तुम्हीही म्हणाला असाल. बाई लगेच गोळी देत नाहीत, याचा राग धरू नका. तापावरील पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते. दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे ४० किलोच्या मुलाला ५०० मिलिग्रॅमची गोळी चालते, पण तीच गोळी २० किलोच्या मुलाला जास्त होते. शिवाय आईने सकाळी सात वाजता घरून एक गोळी देऊन पाठवले असेल तर? दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे, नाहीतर यकृतावर ताण येतो. म्हणून आधी घरी फोन, पालकांची संमती आणि मग वहीत नोंद: कोणाला, काय, किती, किती वाजता. ही वही कंटाळवाणी वाटते, पण रुग्णालयातील डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि तापात ॲस्पिरिन मुलांना देऊच नये. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो.

घोळणा फुटला तर डोके मागे टाकायचे नाही. पुढे वाकून बसावे आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत दाबून धरावा. फिट आलेल्या मुलाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता एका अशा मुलीचा विचार करू, जी दिसायला अगदी तुमच्यासारखीच आहे. पण तिला टाइप १ मधुमेह आहे. तिचे स्वादुपिंड इन्शुलिन बनवीत नाही, म्हणून ती दररोज टोचून घेते. तुमच्या-आमच्या शरीरात साखर कमी झाली की इन्शुलिन आपोआप कमी होते. टोचलेले इन्शुलिन मात्र काम करीतच राहते. त्यात पी.टी.चा तास आला की स्नायूही भराभर साखर ओढतात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की हात कापतात, घाम फुटतो, चिडचिड होते, बोलणे अडखळते. सर ओरडतात, ‘टंगळमंगळ करू नकोस!’ खरे तर तिच्या मेंदूला साखर पुरत नसते.

अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून लगेच द्यावे. बिस्किटे नकोत, त्यांतील स्निग्ध पदार्थांमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. तपासायचे यंत्र नसेल, साखर वाढली की कमी झाली हे कळत नसेल, तरीही साखरच द्यावी. वाढलेल्या साखरेत तीन चमच्यांनी लगेच फार बिघडत नाही. कमी झालेली मात्र काही मिनिटांत बेशुद्ध करू शकते. बेशुद्ध मुलीच्या तोंडात काहीही घालू नये आणि चक्कर येणाऱ्या मुलीला एकटीला घरी पाठवू नये. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना कळविले, की अशा मुलांना वर्गात साखर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावे आणि मधेच खाऊ द्यावे. आपल्या शहरात ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. इन्शुलिन हे प्रथिन आहे; ४० अंशांच्या उन्हात ते लवकर निकामी होते, आणि शाळेत फ्रिज नसतो. अशा वेळी आपला माठ उपयोगी पडतो. मातीच्या मडक्यात ओली वाळू भरून कुपी पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून ठेवावी. सच्छिद्र मातीतून पाणी झिरपते, त्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि आतील हवा थंड राहते. मडके सावलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावे आणि वाळू रोज ओली करावी. हवा जितकी कोरडी, तितके मडके अधिक थंड.