कार्बोरेटरला जोडलेली हवा

पार्ल्यात काही जुन्या इमारतींच्या आवारात जाड कापडाखाली झाकलेली प्रीमियर पद्मिनी अजून दिसते. ही गाडी इथे परकी नाही. पार्ल्याहून काही किलोमीटरवर, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात फियाट 1100 डिलाइट बनायची. 1974 पासून तिलाच पद्मिनी हे नाव मिळालं. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि 20 वर्षांची मुदत भरल्यावर निवृत्त झाली. उरल्या त्या घरच्या गाड्या. त्या चालत्या ठेवायच्या, तर कधी ना कधी कार्बोरेटर बदलायची वेळ येतेच.

मूळचा सोलेक्स चांगल्या स्थितीत मिळाला तर प्रश्न नाही. पण बऱ्याचदा नंतरच्या एखाद्या गाडीचा कार्बोरेटर पदरात पडतो. गास्केट, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी, चोकची तार हे सगळं हातासरशी जमतं. मग लक्षात येतं की नव्या कार्बोरेटरला तीन-चार तोट्या आहेत आणि गाडीत नळ्या दोनच. इथे बहुतेक जण एकच निकष लावतात: जी नळी ज्या तोटीवर घट्ट बसेल ती तिथे, उरलेल्या तोट्या बंद. माझ्या मते जुन्या गाड्यांचे निम्मे हाल याच निकषाने होतात. तोटीची जाडी काहीच सांगत नाही. तिच्यामागे दाब कोणता आहे, हे पाहायला हवं.

कार्बोरेटरचा गळा मध्ये निमुळता असतो. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. आपण सहज म्हणतो की इंजिन पेट्रोल ओढतं. खरं तर फ्लोटच्या वाटीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा दाब असतो आणि तोच दाब पेट्रोलला जेटमधून गळ्यात ढकलतो. म्हणून वाटीला बाहेरची हवा मिळालीच पाहिजे. त्या वाटेला व्हेंट म्हणतात. दुपारी एस. व्ही. रोडच्या गर्दीत गाडी अडकते, बॉनेटखाली सगळं तापतं आणि वाटीतल्या पेट्रोलची वाफ होऊ लागते. त्या वाफेलाही हीच वाट. व्हेंटवर टोपी बसवली की कधी पेट्रोल गळ्यात उतू जातं, कधी जेटपर्यंत पोचत नाही. आणि चुकून तिथे मॅनिफोल्डची नळी जोडली, तर वाटीतला दाबच नाहीसा होतो.

नंतरच्या गाड्यांत ही वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये साठवतात. पद्मिनीत तो डबा नाही. म्हणून व्हेंटची नळी एअर क्लीनरमध्ये, फिल्टरच्या आतल्या बाजूला सोडावी. ती मोकळी लोंबकळत ठेवली आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असला, तर आगीला निमंत्रणच.

बाकीच्या तोट्या व्हॅक्यूमच्या, पण त्यांतही दोन जाती आहेत. थ्रॉटलच्या चकतीखालची तोटी मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम देते. इंजिन आयडलिंगला असताना तो पाऱ्याच्या 18 ते 20 इंचांपर्यंत असतो आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की जवळजवळ शून्यावर येतो. चकतीच्या कडेच्या जरा वर असलेल्या तोटीत आयडलिंगला काहीच नसतं, चकती उघडू लागली की ओढ सुरू होते. डेल्कोवर, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरवर, व्हॅक्यूमची डबी असेल, तर सहसा तिची नळी इथली. हलक्या पायाने चालवताना सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं आणि सावकाश जळतं, म्हणून ठिणगी थोडी आधी पडावी लागते. ते काम ही डबी करते. ओळखायचं साधन म्हणजे अंगठा. इंजिन चालू करून तोटीवर तो ठेवावा. लगेच ओढ लागली तर मॅनिफोल्ड, रेस दिल्यावर लागली तर डेल्कोची, कधीच लागली नाही तर बहुधा व्हेंट. न वापरलेल्या व्हॅक्यूमच्या तोट्या रबरी टोपीने बंद कराव्यात, व्हेंट मात्र कधीही नाही.

इंजिनच्या ब्रीदरची जाड नळीही एअर क्लीनरकडेच जाऊ द्यावी. व्हॉल्व्हशिवाय ती मॅनिफोल्डला जोडली, तर इंजिन फुकटची हवा आणि तेल दोन्ही खेचत राहतं.

एखादी नळी चिरली की गाडी ‘हवा ओढते’: आयडलिंग वरखाली होतं, पिकअप जातो. मग मिक्श्चरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं जातं आणि दोष झाकला जातो. पीयूसीत मात्र तो उघडा पडू शकतो. पद्मिनीच्या काळातल्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. ती ढिली आहे, तरी स्क्रूच्या भरवशावरची गाडी तीही ओलांडते.

कालिन्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांत नळी घेताना ती कशासाठी हवी ते सांगावं. सिलिकॉनची नळी व्हॅक्यूमला उत्तम, पेट्रोलला आणि त्याच्या वाफेला अजिबात चालत नाही. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यात फुगतं, म्हणून व्हेंटला आणि पेट्रोलच्या वाटेला इथेनॉल सोसणारीच नळी लावावी. सगळं जोडून झालं की डेल्कोची नळी काढून तिचं तोंड बंद करावं आणि टायमिंग लावावं. मग नळी परत जोडावी, आयडलिंग ठरवावं आणि मिक्श्चरच्या स्क्रूला सर्वांत शेवटी हात लावावा.