रेडिओला आवडतो खारा चिखल!

भाईंदर पूर्वेचं नवघर म्हणजे मिठागरांचा मुलूख. खाडीच्या बाजूला गेलात तर पायाखाली काळा, चिकट, खारट चिखल. त्यात ना भात पिकतो, ना भाजी. मीठ पिकवणाऱ्यांना सोडून ही जमीन आणखी कोणाला आवडणार? रेडिओच्या इंजिनिअरांना!

आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर लागते. तिच्या एका लहरीची लांबी किती, माहितीये? सुमारे ५३७ मीटर! एवढ्या लांबलचक मध्यम लहरी सोडायला उंच लोखंडी मनोरा लागतो. पण मनोरा ही झाली अर्धीच अँटेना. उरलेली अर्धी? खालची जमीन!

मनोऱ्यात वीज सेकंदाला लाखो वेळा वर-खाली धावते. प्रत्येक वेळी तिला जमिनीतून पायथ्याशी ये-जा करावी लागते. ओल्या, खाऱ्या चिखलातून ती सहज वाहते; पण जमीन कोरडी, खडकाळ असली की वीज अडखळते आणि बरीच शक्ती माती तापवण्यात फुकट जाते. म्हणून मनोऱ्याभोवती, सायकलच्या चाकातल्या आऱ्यांसारख्या, तांब्याच्या तारा पुरतात. मोठ्या केंद्रांवर त्या १२० सुद्धा असतात!

बरं, लहर एकदाची निघाली म्हणून सुटका नाही. दिवसा मध्यम लहरी जमिनीला धरूनच पुढे सरकतात. सह्याद्रीच्या कोरड्या कातळावरून जाताना त्या लवकर दमतात. समुद्रावरून मात्र दूरवर पोचतात. कारण समुद्राचं पाणी कोरड्या खडकाळ जमिनीपेक्षा हजारो पटींनी चांगलं वीजवाहक असतं. एफएमला याची फारशी फिकीर नसते. त्या लहरी उंचावरून जवळजवळ सरळ रेषेत येतात.

खाऱ्या पाण्यात एवढं काय असतं? मीठ विरघळलं की त्यातले सोडियम आणि क्लोराइडचे विद्युतभारित कण सुटे होतात. त्यांना आयन म्हणतात. वीज वाहून नेण्याचं काम तेच करतात.

खात्री करायचीये? मोठ्यांना सोबत घ्या. टॉर्चचे तीन सेल आणि एक लाल एलईडी तारांनी एका ओळीत जोडा. तारांची मोकळी टोकं पेलाभर पाण्यात बुडवा, पण एकमेकांना चिकटू देऊ नका. (घरातल्या प्लगची वीज अजिबात वापरायची नाही हं!) नुसत्या पाण्यात दिवा पेटणार नाही, किंवा जेमतेम मिणमिणेल. आता चमचाभर मीठ टाकून ढवळा. पेटला ना झक्कन?

मग पेला धुऊन, ताज्या पाण्यात मिठाऐवजी साखर टाकून बघा. काय होतं आणि का, ते तुम्हीच शोधा!