नॉर्वेचा व्यापारी, आपला धर्मवीर

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ अखेरीस पडद्यावर आला आणि खऱ्या भक्तीने प्रेक्षक भारावले. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने भक्तीचे सोंग पडद्यावर उघडे पाडले. आचार्य अत्र्यांनी लिहिलेला, मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला तो बोलपट म्हणजे ‘धर्मवीर’. त्याचा सांगाडा नॉर्वेच्या हेन्रिक इब्सेनच्या ‘पिलर्स ऑफ सोसायटी’ या १८७७ सालच्या नाटकाचा.

इब्सेनचा बेर्निक हा गावाचा आधारस्तंभ मानला जाणारा जहाजमालक. तरुणपणीच्या लफड्याचा ठपका त्याने मेहुण्यावर जाऊ दिलेला असतो. मेहुणा अमेरिकेहून परततो, तेव्हा त्याला घेऊन जाणारे जहाज धोक्याचे आहे हे ठाऊक असूनही बेर्निक गप्प बसतो. त्याच जहाजावर स्वतःचा मुलगा लपून चढला आहे, हे कळताच त्याचा धीर सुटतो. अखेर सत्कारासाठी जमलेल्या गावकऱ्यांसमोर तो गुन्हा कबूल करतो.

नॉर्वेत प्रतिष्ठा व्यापाराच्या आणि गावच्या पुढारपणाच्या आधाराने उभी होती. आपल्याकडे ती धर्माच्या नावावर सहज मिळते. अत्र्यांनी नेमके हेच हेरले आणि गंभीर नाटकाला उपहासाची धार दिली. रूपांतर करणाऱ्याने परक्या कथेतला दोष आपल्या समाजात कुठे दडला आहे ते शोधायचे असते. नुसती नावे बदलून भागत नाही.

काळही अनुकूल होता. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी पडदा बोलका केला, आणि बोलायचे म्हटल्यावर नाटककारांची गरज भासू लागली. ‘साष्टांग नमस्कार’ आणि ‘लग्नाची बेडी’ लिहून अत्र्यांची लेखणी हशा पिकवण्यात तयार झालेली होती. नॉर्वेची ओळखही नवी नव्हती: १९३३चे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक नॉर्वेच्याच ब्यर्न्सनच्या नाटकावरून घेतलेले.

 

‘धर्मवीर’नंतर विनायक-अत्रे जोडीने १९३८मध्ये ‘ब्रह्मचारी’ दिला. मराठी बोलपटाचा आरंभ सांगताना आपण संतपटांचा अभिमान बाळगतो, तो योग्यच. पण ढोंगावर हसायचे धैर्य दाखवणाऱ्या या चित्रपटांनाही तेवढाच मान मिळायला हवा.