वरचं धरण, खालचं पाणी : नाईलचा तंटा समजून घेताना

पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की आपल्याकडे पाण्याच्या आधी निरोप पोचतो. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बराजांचे दरवाजे उचलले जातात, नदीकाठच्या गावांना सावध केलं जातं आणि मग फुगलेली तापी उकाईकडे निघते. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या कुणालाही हा क्रम नवा नाही.

इथिओपिया, सुदान आणि इजिप्त या तीन देशांत नाईल नदीवरून २०११ पासून जो तंटा चालला आहे, तो समजायला हा अनुभव फार उपयोगी पडतो. बातम्यांत त्याचे तुकडेच आपल्या हाती लागतात: आज धमकी, उद्या बैठक, परवा बैठक फिसकटली. म्हणून पायरी पायरीनं जाऊ.

आधी नदी पाहू. नाईलला दोन मोठे प्रवाह मिळतात. पांढरी नाईल दक्षिणेकडून, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूनं येते. निळी नाईल इथिओपियाच्या डोंगरांत ताना सरोवरातून निघते. तिथले लोक तिला अबाय म्हणतात. सुदानची राजधानी खार्तूम इथं दोघींचा संगम होतो आणि पुढे एकच नाईल वाळवंट कापत इजिप्तला जाते. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. पिण्याचं पाणी, शेती, सगळी भिस्त या एका नदीवर. तिथल्या आस्वान धरणापर्यंत पोचणाऱ्या पाण्यातलं सुमारे ८५ टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगरांवरून आलेलं असतं, आणि त्यातला मोठा भाग आपल्याच पावसाळ्याच्या महिन्यांत वाहतो.

पहिली गल्लत इथंच होते. पाऊस ज्याच्या डोंगरावर पडला त्याचं सगळं पाणी, असं एक बाजू म्हणते. हजारो वर्षं जो वापरत आला त्याचं सगळं पाणी, असं दुसरी म्हणते. नद्यांच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात यातलं एकही म्हणणं एकट्यानं टिकत नाही. तिथं दोन गोष्टी सोबत पाहतात: प्रत्येकाला वाजवी वाटा मिळावा, आणि दुसऱ्याचं मोठं नुकसान होऊ नये.

आता जुने कागद काढू. १९०२ मध्ये इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक यानं ब्रिटिशांना लिहून दिलं की त्यांच्या आणि सुदान सरकारच्या संमतीशिवाय निळ्या नाईलचा प्रवाह अडवणारं बांधकाम करणार नाही. पुढे १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी आपसांत करार केला. त्यात नदीचं वर्षाचं पाणी ८४ अब्ज घनमीटर धरलं. एक अब्ज घनमीटर म्हणजे सुमारे ३५ टीएमसी, आणि टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, हे माप आपल्या ओळखीचं. वाटणी अशी झाली: इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५, आणि बाष्पीभवनात जाणारे १०. बेरीज करून पाहावी. बरोबर ८४ होते. जिथून बहुतेक पाणी येतं त्या इथिओपियासाठी शून्य उरलं, कारण त्या करारात तो देश नव्हताच. हा हिशेब समजला की इथिओपियाचा राग समजतो. आणि याच ५५.५ वर इजिप्तची शेती उभी आहे हे ध्यानात ठेवलं की इजिप्तची भीतीही समजते.

तिसरी पायरी धरणाची. २ एप्रिल २०११ रोजी इथिओपियाचे तेव्हाचे पंतप्रधान मेलेस झेनावी यांनी सुदानच्या सीमेजवळ गुबा इथं निळ्या नाईलवर एका प्रचंड धरणाची पायाभरणी केली. नाव 'महान इथिओपियन पुनर्जागरण धरण'. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'गर्ड' म्हणतात. उंची १४५ मीटर, लांबी सुमारे १.८ किलोमीटर, साठवण ७४ अब्ज घनमीटर. आपल्या कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. त्या हिशेबानं जवळपास २५ कोयना एका जागी. बांधकामासाठी सामान्य इथिओपियन लोकांनी सरकारी रोखे घेतले, नोकरदारांनी पगारातून पैसे दिले. त्यामुळे हा प्रकल्प तिथं घराघरातला झाला आहे, आणि त्यावर माघार घेणं कुठल्याही सरकारला सोपं नाही. ९ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधान अबिय अहमद यांनी त्याचं उद्घाटन केलं.

दुसरी गल्लत या टप्प्यावर होते. 'इथिओपियानं नाईल बंद केली' असं आपण ऐकतो. पण हे धरण विजेसाठी आहे. वीज तयार होताना पाणी संपत नाही. ते जनित्राच्या पात्यांवरून पडतं आणि खाली सुदानकडे वाहत जातं. वीज हवी तर पाणी सोडावंच लागतं. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षात धरण भरलेलं असेल, तर वर्षाकाठी खालच्यांना मिळणारं पाणी फारसं कमी होत नाही. बदलतं ते वेळापत्रक.

खरा त्रास दोन वेळांना होतो. एक, धरण पहिल्यांदा भरताना. हे भरणं जुलै २०२० मध्ये सुरू झालं, पहिल्या पावसाळ्यात सुमारे ४.९ अब्ज घनमीटर अडवून. करार झाला नव्हता आणि सुदानला पुरेशी आगाऊ माहिती नव्हती. पातळी उतरली आणि खार्तूमच्या बाजूची काही पाणीपुरवठा केंद्रं अडचणीत आली. सुदानचं रोसेरेस धरण गर्डच्या अगदी खाली आहे आणि त्या मानानं लहान आहे. वरून किती येणार हे कळलं नाही, तर तिथल्या अभियंत्यानं दरवाजे उघडायचे की मिटायचे? हतनूरचा निरोप न येता प्रकाशा बराज सांभाळायचा, अशी ती स्थिती. पुढच्या वर्षांत इथिओपियात पाऊस चांगला झाला, आस्वानमागच्या नासर जलाशयातही साठा होता, म्हणून मोठं संकट टळलं.

दुसरी वेळ अजून आलेली नाही, आणि सगळा तंटा तिच्यावरच अडला आहे: लागोपाठ तीन-चार वर्षं दुष्काळ पडला तर इथिओपियानं किती पाणी सोडायचं? इजिप्तला यावर आकड्यांसह बंधनकारक करार हवा आहे. इथिओपियाला वाटतं की तसा आकडा लिहून देणं म्हणजे १९५९ चा करार मागच्या दारानं मान्य करणं, आणि उद्या वरच्या भागात दुसरं धरण बांधायची वाट बंद करणं. मार्च २०१५ मध्ये तिन्ही देशांनी खार्तूमला तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तत्त्वं आली, आकडे आले नाहीत. २०२० मध्ये अमेरिकेनं मध्यस्थी करून मसुदा तयार केला, इथिओपियानं सही केली नाही. मग आफ्रिकी संघ, मग संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद. डिसेंबर २०२३ मधली फेरीही कराराविना संपली.

इथं आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची नर्मदा आठवावी. पाण्यावरून राज्यं आपल्याकडेही भांडली. पण १९५६ च्या कायद्यानुसार १९६९ मध्ये नर्मदा जलतंटा लवाद नेमता आला. लवाद म्हणजे दोन्ही बाजू ऐकून बांधील निवाडा देणारं न्यायमंडळ. त्याचा अंतिम निवाडा १९७९ मध्ये आला. पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरलं. एक एकर जमिनीवर एक फूट उभं राहील तेवढं पाणी म्हणजे एकर-फूट. मध्य प्रदेशला १८.२५, गुजरातला ९, राजस्थानला ०.५, महाराष्ट्राला ०.२५. आपले हे ०.२५ म्हणजेच ज्याची चर्चा आपण वर्षानुवर्षं ऐकतो ते १०.८९ टीएमसी. निवाड्यात कमी पावसाच्या वर्षाचीही सोय आहे: तुटीचं पाणी ७३, ३६, २ आणि १ याच प्रमाणात चौघांनी सोसायचं. नाईलला हेच एक कलम हवं आहे. ते मिळत नाही, कारण तीन सार्वभौम देशांवर, त्यांची इच्छा नसताना, असा लवाद कुणी नेमू शकत नाही.

निवाडा आहे म्हणून आपलं सगळं नीट झालं असं मात्र मी म्हणणार नाही. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडिताखाली आली. मणिबेलीपासूनच्या त्या गावांतली माणसं आज आपल्या शहादा-तळोद्याच्या वसाहतींत राहतात, आणि त्यांचे जमिनीचे प्रश्न आपल्याला ठाऊक आहेत. गर्डच्या जलाशयासाठीही गुमुझ समाजाच्या लोकांना नदीकाठ सोडावा लागला. तीन राजधान्यांमधल्या वाटाघाटींत त्यांचं नाव क्वचितच येतं, आणि मला ते फार लागतं.

आता बातमीत मध्येच सोमालिया का येतो, तेही पाहू. १९९३ मध्ये एरिट्रिया वेगळा झाल्यावर इथिओपियाला समुद्रकिनारा उरला नाही. बंदरासाठी त्यानं १ जानेवारी २०२४ रोजी सोमालीलँडशी सामंजस्य करार केला. सोमालीलँडला सोमालिया आपलाच भाग मानतो, त्यामुळे सोमालिया चिडला. त्याच ऑगस्टमध्ये इजिप्तनं सोमालियाशी लष्करी सहकार्याचा करार करून तिथं शस्त्रं पाठवली. डिसेंबर २०२४ मध्ये तुर्कस्ताननं अंकारा इथं इथिओपिया आणि सोमालियात समेट घडवला. पण नाईलवरची दोन सरकारं लाल समुद्राच्या बाजूला समोरासमोर कशी आली, याचं उत्तर बरंचसं नदीतच आहे.

शेवटची गल्लत 'धरण बॉम्बनं उडवतील' या चर्चेची. भरलेलं धरण फुटलं तर लोंढा आधी सुदानवर कोसळेल. ७४ अब्ज घनमीटर पाण्याचा मार्ग रोसेरेसवरून आणि खार्तूममधून जातो.

पुढची बातमी आली की आपण आधी महिना पाहावा: पाणी साठवण्याचा की सोडण्याचा. मग आकडा पाहावा, आणि मग सुदान काय म्हणतो ते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस सुदानात पूर आला, तेव्हा धरणातून अचानक पाणी सोडलं असा आरोप इजिप्तनं केला आणि इथिओपियानं तो नाकारला. त्या दिवसांत वरून किती पाणी येणार याचा निरोप रोसेरेसला वेळेवर पोचायलाच हवा, असं बांधून घेणारा एकही करार तिघांमध्ये नव्हता.