कॅपिस्ट्रानो : एका आज्ञेत वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर कसे पोहोचते?

तुमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे वेब अ‍ॅप्लिकेशन लॅपटॉपवर नीट चालते आहे. आता ते इतरांना वापरता यावे म्हणून सर्व्हरवर चढवायचे आहे. या कामाला डिप्लॉयमेंट म्हणतात. तुम्ही लखनौला बसलेले असाल आणि भाड्याने घेतलेला सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल, तरी एसएसएच वापरून त्यावर काम करता येते. हाताने करायचे ठरवले, तर लॉगिन करा, नवा कोड उतरवा, लायब्ररी बसवा, डेटाबेसमध्ये बदल करा आणि अ‍ॅप्लिकेशन पुन्हा सुरू करा, अशा पाच-सहा पायऱ्या होतात. पहिल्यांदा हे सोपे वाटते. विसाव्या वेळी, रात्री अकरा वाजता, एखादी पायरी राहून जाते.

एक पायरी राहिली तर काय होते?

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत हेच घडले. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने टाकायचा होता. तो सातांवर गेला, आठव्यावर जुनाच राहिला. कोणी दुसऱ्याने ते तपासले नाही. बाजार उघडताच त्या एका सर्व्हरने नको असलेल्या ऑर्डरींचा मारा सुरू केला. सुमारे ४५ मिनिटांत झालेल्या या व्यवहारांतून कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला.

यावरून शिकायचे ते असे की तीच ती पायऱ्यांची मालिका माणसाच्या लक्षात ठेवण्यावर सोडू नये. ती लिहून ठेवावी आणि यंत्राकडून करून घ्यावी.

कॅपिस्ट्रानोची ओळख

कॅपिस्ट्रानो हे रुबी भाषेत लिहिलेले, मुक्त स्रोत असलेले कमांड-लाइन साधन आहे. जेमिस बक यांनी ते ‘स्विचटॉवर’ या नावाने सुरू केले. २००६ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. सुरुवातीला रुबी ऑन रेल्ससाठी असले, तरी पीएचपी किंवा अन्य भाषांतील अ‍ॅप्लिकेशनसाठीही ते वापरता येते.

ते तुमच्या लॅपटॉपवर चालते. सर्व्हरवर वेगळा प्रोग्रॅम बसवावा लागत नाही; एसएसएचने आत जाता आले आणि गिट उपलब्ध असले की पुरते. कोड कुठून आणायचा, कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायचा, कोणते सर्व्हर कोणत्या कामाचे, हे सर्व सेटिंगच्या फाइलींत लिहिलेले असते. मग टर्मिनलवर ‘कॅप प्रॉडक्शन डिप्लॉय’ एवढी आज्ञा पुरते. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना त्या रोमन लिपीत लिहाव्यात.)

सर्व्हरवरील रचना

कॅपिस्ट्रानो जुन्या कोडवर नवा कोड लिहीत नाही. या साधनाचे सगळे मर्म इथेच आहे. सर्व्हरवर चार मुख्य गोष्टी असतात :

१. रेपो : गिटमधील कोडची प्रत.
२. रिलीजेस : प्रत्येक डिप्लॉयसाठी एक नवे फोल्डर. त्याचे नाव म्हणजे तारीख आणि वेळ. ही वेळ यूटीसीप्रमाणे असते; म्हणून दुपारी ३ वाजता केलेल्या डिप्लॉयच्या नावाच्या शेवटी ०९३००० दिसले तर गोंधळू नका.
३. शेअर्ड : सर्व आवृत्त्यांना सामाईक गोष्टी, जसे वापरकर्त्यांनी चढवलेले फोटो, लॉग, पासवर्ड असलेल्या सेटिंगच्या फाइली.
४. करंट : हे खरे फोल्डर नसून सिमलिंक आहे. चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी पाटीच म्हणा.

डिप्लॉय सुरू झाल्यावर नवे फोल्डर तयार होते, त्यात कोड येतो, शेअर्डमधील फाइली जोडल्या जातात. तोपर्यंत वापरकर्ते जुनीच आवृत्ती पाहत असतात. सर्व तयारी झाली की शेवटी ‘करंट’ची दिशा बदलते. मध्येच एखाद्या सर्व्हरवर चूक झाली, तर काम तिथेच थांबते आणि टर्मिनलवर तसे दिसते. पाटी फिरवलीच जात नाही. जुनी फोल्डरे साठत जाऊ नयेत म्हणून नेहमीच्या सेटिंगप्रमाणे शेवटच्या ५ आवृत्त्याच ठेवल्या जातात.

मागे कसे फिरायचे?

नव्या आवृत्तीत दोष निघाला, तर ‘कॅप प्रॉडक्शन डिप्लॉय:रोलबॅक’ ही आज्ञा द्या. आधीचे फोल्डर जागेवरच असते, त्यामुळे पाटी पुन्हा तिकडे वळवणे एवढेच काम उरते.

हे साधन काय करत नाही?

रोलबॅकने कोड मागे जातो, डेटाबेस नाही. नव्या आवृत्तीने एखादा कॉलम काढून टाकला असेल, तर जुना कोड तो शोधत राहील. म्हणून कॉलम एका डिप्लॉयमध्ये वापरातून काढा आणि प्रत्यक्षात नंतरच्या डिप्लॉयमध्ये पुसा. तसेच यादीत न लिहिलेला सर्व्हर कॅपिस्ट्रानोला माहीतच नसतो. आणि कारण न समजता मागे फिरणेही धोक्याचे आहे : नाइट कॅपिटलमध्ये गोंधळाच्या वेळी सात सर्व्हरवरचा योग्य कोड काढून टाकला गेला आणि संकट आणखी वाढले.

सराव

लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन तयार करा. त्यावर एक साधे अ‍ॅप्लिकेशन दोनदा डिप्लॉय करा आणि एकदा रोलबॅक करा. प्रत्येक वेळी ‘करंट’ कुठे बोट दाखवते ते पाहून वहीत लिहा. मग विचार करा : पासवर्डची फाइल गिटमध्ये न ठेवता शेअर्डमध्ये का ठेवतात? फोटोंचे फोल्डर शेअर्डमध्ये नसते, तर दुसऱ्या डिप्लॉयनंतर वापरकर्त्याला काय दिसले असते?