कॉर्सिराच्या पेट्यांतील ऊब आणि उसाचे रक्षण

तापीच्या खोऱ्यात, खाली सुरत जिल्ह्यात आणि वर नंदुरबारकडे, ऊस हे महत्त्वाचे नगदी पीक आहे. सुरत जिल्ह्यात बारडोली, मढी, चलथाण, सायण असे सहकारी साखर कारखाने आहेत आणि तेथील ऊसतोडीसाठी खानदेशातील मजूर दरवर्षी जातात. या पिकाचा एक मोठा शत्रू म्हणजे खोडकीड. तिची अळी कोवळ्या कोंबात शिरून आतील भाग खाते. त्यामुळे पोंगा वाळतो आणि तो कोंब वाया जातो.

अळी एकदा कोंबात शिरली म्हणजे तिच्यापर्यंत औषध पोचणे कठीण होते. म्हणून तिला अंड्यातच नष्ट करणे श्रेयस्कर होय. ट्रायकोग्रामा हा टाचणीच्या टोकाएवढा मित्रकीटक हे काम करतो. तो किडीच्या अंड्यात आपले अंडे घालतो आणि अळी जन्मण्यापूर्वीच तिचा अंत होतो. मात्र हा मित्रकीटक मोठ्या संख्येने निपजवावयाचा, तर त्याला दुसऱ्या एखाद्या कीटकाची अंडी पुरवावी लागतात. त्यासाठी प्रयोगशाळेत कॉर्सिरा हा साठवणीच्या धान्यातील पतंग पाळतात.

पालनाची रीत

भरडलेली बाजरी किंवा ज्वारी तापवून निर्जंतुक करतात. त्यात शेंगदाण्याचा कूट व थोडे यीस्ट मिसळून ती लाकडी पेटीत भरतात. सुमारे अडीच किलो धान्यावर अर्धा घनसेंटिमीटर अंडी पसरतात. अळ्या जाळे विणीत धान्य खातात आणि यथावकाश पतंग बाहेर पडतात. त्यांची अंडी कागदावर चिकटवून, अतिनील किरणांनी निर्जीव करून ती ट्रायकोग्रामाच्या स्वाधीन केली जातात. हेच ट्रायकोकार्ड होय. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात आणि हेक्टरी एका वेळी अडीच कार्डे लागतात.

उबेचे महत्त्व

कॉर्सिराच्या खोलीचे तापमान २६ ते २८ अंश सेल्सिअस असावे. अशा उबेत सुमारे ४० ते ४५ दिवसांत पतंग निघू लागतात. सुरतेत जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. नंदुरबारकडे तो त्याहूनही खाली जातो. खोली तशीच थंड राहिली तर अळ्यांची वाढ मंदावते आणि हा काळ दोन महिन्यांवर जातो. जानेवारीच्या मध्यास भरलेल्या पेटीतून फेब्रुवारीअखेर निघावयाचे पतंग मग मार्चअखेर निघतात. पुढे कार्ड तयार होण्यास आणखी आठवडाभर लागतो. तोवर शेतातील कीड अंडी घालून मोकळी झालेली असते. कार्ड उशिरा मिळणे म्हणजे ते न मिळण्यासारखेच होय.

घ्यावयाची काळजी

तापमान राखण्यासाठी खोलीची दारे-खिडक्या रात्री बंद ठेवाव्यात आणि तापमाननियंत्रक जोडलेला विजेचा हीटर वापरावा. कोळशाची शेगडी कदापि पेटवू नये; बंद खोलीतील तिचा धूर कामगारांच्या जिवास घातक ठरू शकतो. हीटरमुळे हवा कोरडी पडते. सबब खोलीत पाण्याची पसरट भांडी ठेवून आर्द्रता ६५ ते ७० टक्के राखावी.

ऊब अधिक झाली तरी हानीच होते. पेटीत अळ्यांची दाटी झाली म्हणजे त्यांच्या हालचालीने व श्वसनाने धान्य आतून तापते. तापमान ३२ अंशांपुढे गेले तर पतंग कमी अंडी घालतात आणि त्यांतील बरीचशी निष्फळ ठरतात. यास्तव तापमापक केवळ भिंतीवर न टांगता पेटीतील धान्यातही खोचून पाहावा. दाटी झालेल्या पेट्या एकमेकींवर न रचता विरळ मांडाव्यात. सकाळ-संध्याकाळ दोन्ही तापमाने वहीत नोंदविल्यास चूक वेळीच ध्यानात येते.

मार्चमध्ये शेतकऱ्याच्या हाती पडणारे ट्रायकोकार्ड जानेवारीच्या रात्री प्रयोगशाळेत जपलेल्या उबेचे फळ आहे. ती ऊब राखणाऱ्या कर्मचाऱ्याचा वाटा शेतकऱ्याच्या श्रमाइतकाच मोलाचा आहे.