रविवारी दुपारी दीड वाजता कोथिंबीर

रविवारी दुपारी दीड वाजता अलिबागजवळच्या नागावच्या नाक्यावर कोथिंबीर शोधत फिरणारा माणूस मुंबईचा किंवा पुण्याचा असतो. त्याला गाव विचारावं लागत नाही. ‘अलिबाग से आया है क्या’ या टोमण्यावर बंदी घाला, अशी जनहित याचिका एका अलिबागकराने मुंबई उच्च न्यायालयात केली होती. २०१९ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. असले विनोद मनावर घेऊ नका, असं सांगितलं. अलिबागकरांनी ते मनावर घेतलेलं नाही. फक्त बंद शटरपुढे उभ्या असलेल्या पाहुण्याकडे बघताना रिक्षावाल्याच्या चेहऱ्यावर ‘मुंबईहून आलाय काय?’ हे स्वच्छ वाचता येतं.

तो पाहुणा मी होऊन बसलोय. घरात अकरा माणसं, कालवण उकळतंय, आणि कोथिंबीर, आलं, बाळाचं दूध असं सगळं एकदम संपलेलं. तेव्हा वाटलं, रविवार म्हणून दुकान बंद. तसं नव्हतं. दुकान सकाळी सातला उघडलं होतं आणि चारला पुन्हा उघडणार होतं. मधल्या वेळात मालक जेवून आडवे झाले होते. रायगडच्या किनाऱ्यावर वाणसामानाचा शत्रू रविवार नाही, दुपार आहे. एक ते चार या वेळात इथे शहाळं मिळेल, घोडागाडी मिळेल, पण पाव किलो तूरडाळ मिळेलच असं नाही.

सुटीचा वार कोणता?

आधी रविवारचंच बघू. मांडव्याच्या जेट्टीवर शनिवार-रविवारी जी गर्दी उतरते, तिने नारायण मेघाजी लोखंडे यांना मनातल्या मनात एक नमस्कार करायला हरकत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लोखंड्यांनी आठवड्याची सुटी मागितली. रविवारच का? तर तो खंडोबाचा वार, हेही एक कारण त्यांनी दिलं होतं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. साहेबाच्या चर्चचा वार म्हणून आपण ज्याच्याकडे बघतो, त्याला जेजुरीचा असा आधार आहे. फक्त तारीख जूनमधली. त्या दिवसांत गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यामुळे बंद असतात.

पण या किनाऱ्याने सुटीचे वार त्याच्याही कितीतरी आधी पाहिलेत, आणि तेही एकाहून अधिक. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटून काही ज्यू कुटुंबं किनाऱ्याला लागली, अशी बेने इस्रायल समाजाची आठवण सांगते. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं ते म्हणतात. पुढे या लोकांनी तेलाचे घाणे चालवले, मराठी बोलू लागले, गावांवरून किहीमकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अशी आडनावं घेतली. एक मात्र सोडलं नाही. शनिवारी घाणा बंद. म्हणून लोकांनी त्यांना नावच दिलं, ‘शनवार तेली’. म्हणजे ‘तेल शुक्रवारीच भरून ठेवा, उद्या मिळणार नाही’ हे कुणीतरी कुणाला तरी इथे शतकानुशतकं सांगत आलं असणार. आठवड्याची सुटी एखाद्या समाजाचं नाव होऊन बसली, असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ हे सिनेगॉग आहे. त्यांच्या मलिद्यात पोहे, गूळ आणि ओलं खोबरं असतं, म्हणजे पक्की कोकणी यादी.

तिथून दक्षिणेला रेवदंड्याची खाडी ओलांडली की कोर्लई. इथली ख्रिस्ती वस्ती पोर्तुगिजांच्या काळातली. चौलचा मुलूख १७४० मध्ये मराठ्यांकडे गेला, पण गावातली पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली राहिली. तिला ते ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. जेमतेम हजारभर माणसांची ही बोली. यांचा वार रविवार, सकाळची प्रार्थना चुकवायची नाही. शुक्रवारी मशिदीत जुम्म्याची नमाज, शनिवारी घाणा थांबलेला, रविवारी चर्चची घंटा. अलिबाग ते कोर्लई या थोडक्या पट्ट्यात आठवड्याच्या तीन टोकांना तीन सुट्या नांदल्या. तरी उपाशी कोणी राहिलं नाही, कारण एकाचं दुकान बंद तेव्हा दुसऱ्याचं उघडं.

पोर्तुगिजांवरून आठवलं. त्यांच्या भाषेत सोमवारला ‘सेगुंदा-फेइरा’ म्हणतात, मंगळवारला ‘तेर्सा-फेइरा’. यातल्या फेइरा शब्दाचा आजचा अर्थ बाजार किंवा जत्रा. आणि तो आला कुठून? ‘सुटीचा दिवस’ अशा अर्थाच्या लॅटिन ‘फेरिया’ शब्दातून. सुटी आणि बाजार एकाच शब्दात! आपल्या पिशवीवरही त्यांची छाप आहे. पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस ही सगळी नावं पोर्तुगीज. हापूसही आल्बुकर्क साहेबाच्या ‘अफोन्सो’चा. ही पिशवी भरायला लागणारा ‘पगार’सुद्धा तिकडचाच.

तिथी गुणिले पाऊण

किनाऱ्यावरच्या खरेदीतली खरी गंमत मासळीची, आणि मासळी घड्याळ पाळत नाही. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलेला असतो; ओहोटीत बोट आत घेता येत नाही, ती भरतीबरोबर येते. भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. त्यामुळे ‘काल नऊला ताजी मिळाली’ म्हणून आज नऊला गेलात तर काल उरलेली मिळेल.

यावर कोकणातला जुना तोडगा आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. प्रत्यक्षात भरती थोडी पुढे, बाराच्या सुमाराला येते, पण मासळी आणायला एवढा हिशेब पुरतो. वद्य पक्षातही पुन्हा एकपासून मोजायचं. कुलाबा किल्ल्यावर चालत जायचं असेल तरी हेच गणित, फक्त उलटं: भरतीच्या वेळेत सहा तास मिळवा, ओहोटी सापडते. मोबाइलला रेंज नसली तरी भिंतीवरचं कालनिर्णय असतंच.

तिथी आणखी एक गोष्ट सांगते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ जबरदस्त. डोल जाळं एका जागी रोवलेलं असतं, प्रवाह जे आणील ते त्यात शिरतं. म्हणून उधाणात बोंबील, जवळा, कोळंबी भरभरून. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांग, पाणी सुस्त, जाळी रिकामी. ‘भांग हाय दादा, म्हावरा कमी,’ असं मावशी म्हणाली तर ती भाव वाढवायचा बहाणा नसतो. निदान दरवेळी नसतो.

वाराचं गणित मात्र घराघरातून येतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा; उरलेल्या वारांत बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मासे खायचे. त्यात रविवारी पाहुण्यांची झुंबड. म्हणून पापलेट रविवारी तोंड वर करून बसतं आणि सोमवारी जमिनीवर येतं. लांब सुटीत सोमवार मिळाला आणि घरात उपासाचं माणूस नसेल, तर बाजार त्या दिवशी करावा. संकष्टी सापडली तर सोन्याहून पिवळं.

नारळी पौर्णिमेला किंवा होळीला जाणारे इथे हमखास फसतात. सुटी तुमचीच नाही, कोळ्यांचीही आहे. बोटी सजलेल्या, नांगरलेल्या. समुद्रात जायला कोणी तयार नाही. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस तर पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदीच असते. तेव्हा सुकट, सोडे आणि वाकटीला पर्याय नाही. ‘ताजी सुरमई’ अशी पाटी जुलैत दिसली, तर ताजी म्हणजे बर्फातून नुकतीच काढलेली, असा अर्थ घ्यावा.

काटा बाजूला ठेवा

इथे किलोचं राज्य अर्धवटच आहे. मासळीचा वाटा, ताडगोळ्यांचा डझन, मोदक नगावर, आणि पांढरा कांदा माळेवर. हा कांदा म्हणजे अलिबागची शान. कार्ले, खंडाळे, वाडगाव या बाजूला भात निघाल्यावर लावतात, उन्हाळ्यात रस्त्याकडेला त्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. १८८३ च्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. तेव्हा हा कुलाबा जिल्हा होता, रायगड हे नाव १९८१ पासूनचं. २०२१ मध्ये कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिखटपणा इतका कमी की पोरं कच्चा खातात. सुटा, गोणीतला पांढरा कांदा कोणी ‘अलिबागचाच’ म्हणून दिला तर जरा थांबा. वेणी घातलेला बघून घ्या, आणि तरीही विचारा.

श्रीवर्धनला गेलात तर सुपारी. तिथली ‘रोठा’ जात एवढी नावाजलेली, की कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रच श्रीवर्धनला आहे. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या अक्षरशः झोपवल्या. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. सुपारीच्या भावावर घासाघीस करताना हा आकडा लक्षात ठेवलेला बरा.

दिवेआगरला तर खरेदीच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथल्या घरगुती खानावळीत किती पानं आणि किती मोदक हे सकाळीच सांगून ठेवायचं. दुपारी बाराला दहा जण घेऊन ‘काय आहे जेवायला?’ म्हणून दारात उभं राहिलात तर चूक खानावळीची नाही. त्यांनी माणसं मोजून नारळ खवलेले असतात. थंडीत अलिबाग-पोयनाडकडे असाल तर पोपटी: वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडकं आणि शेकोटी. एवढं सामान कुठल्याही वाण्याकडे नसतं, ते शेतावरच मिळतं.

आणि मे महिन्यात घाटातून उतरताना कातकरी बायका करवंदं घेऊन बसलेल्या दिसल्या तर गाडी थांबवा. त्यांना ना दुपार, ना रविवार.

परदेशात काय चालतं?

जर्मनीत राहणारी मराठी कुटुंबं सुटीच्या खरेदीबाबत आपल्याहून शिस्तीची. तिथे रविवारी सुपरमार्केट बंद, कायद्यानेच. दूध विसरलात तर रेल्वे स्टेशन किंवा पेट्रोल पंप गाठायचा. मात्र बाल्टिक समुद्राकाठच्या पर्यटनगावांना यातून खास सवलत आहे, तिथे सुटीच्या हंगामात रविवारीही दुकानं उघडता येतात. समुद्रावर गेलेल्या कुटुंबाची पिशवी ही सरकारी चिंतेची बाब असू शकते तर! इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायल मंडळींचा आठवडा वेगळाच: शुक्रवारी दुपारी बाजार उरकायचा आणि रविवारी सरळ कामावर जायचं. शनवार तेल्यांना ते नवं नव्हतं.

आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने दुकानाला आठवड्यातून एक दिवस टाळं लावावं लागे. २०१७ च्या नव्या कायद्याने ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा दिली. कामगाराला मात्र आठवड्याची सुटी द्यायलाच हवी. गावच्या वाण्याकडे कामगार म्हणजे बायको आणि शाळेतला मुलगा, त्यामुळे वाणी दुपारी झोपतो.

जाता जाता, आक्षीचं ऐका. अलिबागहून नागावला जाताना हे गाव लागतं. इथल्या शके ९३४ च्या, म्हणजे १०१२ सालच्या शिलालेखाला अभ्यासक मराठीतला सर्वांत जुन्या कोरीव लेखांपैकी एक मानतात. त्यात काय आहे? शुक्रवार आहे, देवीचं बोडण आहे, आणि त्यासाठी नऊ कुवली धान्य. हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरायला घेतलं, तेव्हाही वार आणि धान्याचं माप आठवलं.

तेव्हा पुढची जोडून आलेली सुटी शोधायला कालनिर्णय उघडाल, तेव्हा लाल तारखेखालची तिथीही बघा. दशमी असेल तर पेणला थांबून वाल आणि पापड घेऊन ठेवा. आणि कोथिंबीर बाराच्या आत.